ब्राउझर सारखा हँग होतो? आधी दुखणे कुठे आहे ते पाहावे

मालवणच्या बाजारपेठेत माझे संगणक दुरुस्तीचे छोटे दुकान आहे, आणि पावसाळा असो वा मे महिन्याचा हंगाम, ‘नेट चलणा नाय’ ही तक्रार घेऊन कोणी आले नाही असा दिवस क्वचितच जातो. लॅपटॉप उघडून पाहिला की नेट बहुधा व्यवस्थित असते. अडलेला असतो तो ब्राउझर, म्हणजे संकेतस्थळे उघडणारा क्रोमसारखा प्रोग्राम. तोवर घरच्यांनी कॅशे (ब्राउझरने जपून ठेवलेली पानांतील चित्रे आणि फाइली) साफ करून झालेली असते, ब्राउझर काढून पुन्हा टाकलेला असतो, कुणाच्या तरी सल्ल्याने संगणक वेगवान करणारे एखादे फुकटचे सॉफ्टवेअरही बसवलेले असते, आणि या गडबडीत मूळ कारण शोधण्याची वाटच बुजून जाते. म्हणून माझा आग्रह असा की आधी निदान करावे, एका वेळी एकच बदल करावा, आणि त्याने फरक पडला की नाही हे पाहिल्याशिवाय दुसऱ्या कशाला हात लावू नये.

पहिली गोष्ट म्हणजे दोष नेटचा, ब्राउझरचा की यंत्राचा, हे वेगळे करणे. पान उघडताना वरचे गोल चक्र फिरत राहते, पण आधी उघडलेले दुसरे पान माउसच्या चाकाने सहज वरखाली सरकते आणि ब्राउझरचा मेनू लगेच उघडतो, तर ब्राउझर निर्दोष आहे. अडचण नेटची किंवा समोरच्या सर्व्हरची आहे. मोबाइलचा हॉटस्पॉट जोडून तेच पान उघडून पाहिले की या दोघांतलाही फरक कळतो. दहावीच्या निकालाच्या दुपारी संकेतस्थळ उघडत नाही, तेव्हा आपल्या लॅपटॉपवर कोणताही उपाय करून उपयोग नसतो, कारण गर्दी तिकडे झालेली असते. याउलट मेनूच उशिरा उघडत असेल, टंकलेली अक्षरे दोन-चार क्षणांनी उमटत असतील, तर दुखणे ब्राउझरमध्ये आहे. आणि स्टार्ट मेनू, फाइलींचे फोल्डर हेसुद्धा अडखळत असतील, तर ब्राउझरला दोष न देता सरळ यंत्राकडे वळावे.

दोष ब्राउझरचा ठरला की त्याचा स्वतःचा टास्क मॅनेजर, म्हणजे कोणते पान यंत्राची किती ताकद वापरते ते दाखवणारी यादी, उघडावा. विंडोजवर क्रोम किंवा एज उघडा असताना शिफ्ट आणि एस्केप या दोन कळा एकत्र दाबल्या की तो समोर येतो. फायरफॉक्समध्ये मेनूतील ‘मोअर टूल्स’मधून तो उघडता येतो. २००८ साली क्रोम आला तेव्हापासून त्याची रचनाच अशी आहे की एक पान कोसळले तरी बाकीची तगावीत म्हणून पानांचे काम वेगवेगळ्या प्रक्रियांमध्ये वाटलेले असते, आणि २०१८ पासून वेगवेगळ्या संकेतस्थळांनाही सुरक्षेसाठी एकमेकांपासून अलग ठेवले जाते. या रचनेला मेमरी जास्त लागते हे खरे, पण तिच्यामुळेच कोण किती खात आहे ते ओळीओळीने दिसते. ‘मेमरी’ आणि ‘सीपीयू’ (म्हणजे प्रोसेसर) या मथळ्यांवर क्लिक केले की सर्वांत जास्त खाणारा सर्वांत वर येतो. दोन-तीन मिनिटे नुसते पाहत राहावे. पान उघडताना आकडा क्षणभर उसळतो, त्याची चिंता नको. कोणी काही करत नसतानाही जो आकडा खाली येत नाही, तो संशयित.

गेल्या हंगामात तारकर्लीच्या एका निवास-न्याहारी चालवणाऱ्या बाई त्यांचा लॅपटॉप घेऊन आल्या होत्या. पाहुण्यांचे बुकिंग ज्या संकेतस्थळावर येते, तेच ब्राउझर अडवते अशी त्यांची खात्री होती, कारण ते उघडले असतानाच सगळे गोठत असे. मी टास्क मॅनेजर उघडला, तेव्हा बुकिंगचे पान शांत होते. सर्वांत वर होते ते व्हिडिओ उतरवून घेण्याचे एक एक्स्टेन्शन, म्हणजे ब्राउझरला वरून जोडलेले छोटे सॉफ्टवेअर. त्यांच्या भाच्याने दिवाळीच्या सुट्टीत ते टाकले होते आणि त्यांना त्याचा पत्ताही नव्हता. सगळे टॅब बंद केले तरी त्याचा सीपीयूचा आकडा साठ-सत्तरच्या घरातच राहिला. बुकिंगचे पान दिवसभर उघडे असे, एवढाच त्याचा दोष. ती ओळ निवडून ‘एंड प्रोसेस’ केल्याबरोबर पंख्याचा आवाज उतरला आणि कॅलेंडर सरसर सरकू लागले. नंतर ते एक्स्टेन्शन कायमचे काढून टाकले.

एक्स्टेन्शनवर संशय असून टास्क मॅनेजरमध्ये स्पष्ट काही दिसत नसेल, तर क्रोममध्ये कंट्रोल, शिफ्ट आणि एन दाबून इन्कॉग्निटो खिडकी उघडावी आणि नेहमीचे काम तिथे करून पाहावे. या खिडकीत आपण मुद्दाम परवानगी दिली नसेल तर एक्स्टेन्शने चालत नाहीत. तिथे ब्राउझर सुरळीत चालला, तर आधी सगळी एक्स्टेन्शने बंद करावीत, मग निम्मी सुरू करून दिवसभर काम करावे. त्रास परतला तर दोषी त्या निम्म्यांत आहे, नाही परतला तर उरलेल्यांत. आठ एक्स्टेन्शने असली तरी तीन फेऱ्यांत नेमके एक हाती लागते. फायरफॉक्समध्ये यासाठी ‘हेल्प’च्या यादीत ‘ट्रबलशूट मोड’ आहे, मात्र तो एक्स्टेन्शनांबरोबर हार्डवेअर अ‍ॅक्सिलरेशनही (चित्रे-व्हिडिओंचे काम ग्राफिक्स चिपकडे देणारी सोय) बंद करतो, म्हणून तिथे सुधारणा दिसली तर संशयित एकाहून जास्त उरतात हे ध्यानात ठेवावे.

कधी कधी दोष एखाद्या पानाचाच असतो. पानामागचा कोड मुख्यतः एकाच रांगेत चालतो; एका वेळी एकच होडी लागेल अशा जेटीवर एक होडी माल उतरवत अडून राहिली तर मागच्या सगळ्यांना थांबावे लागते, तसे एक लांबलचक काम संपेपर्यंत आपले क्लिक आणि अक्षरे खोळंबतात. मग ‘पान प्रतिसाद देत नाही’ अशी पेटी येते. अर्ज भरत असाल तर एकदा ‘वाट पाहा’ निवडावे. दुसऱ्यांदा आली तर तेवढाच टॅब बंद करावा, सगळा ब्राउझर नव्हे.

टॅबांची संख्या हा विषय लोकांना पटवून देणे मला सर्वांत कठीण जाते. चार जीबी रॅमच्या, म्हणजे चालू कामाच्या मेमरीच्या, लॅपटॉपवर सातबाराचे पान, बँक, व्हॉट्सअ‍ॅप वेब, दोन व्हिडिओ आणि नंतर वाचू म्हणून ठेवलेली वीस पाने एकत्र उघडी असली, की रॅम भरते आणि विंडोज उरलेला माल डिस्कवर हलवू लागते. डिस्क जुन्या फिरत्या प्रकारची असेल तर प्रत्येक टॅब बदलताना काही सेकंद सगळे थिजते. खात्री करायची तर कंट्रोल, शिफ्ट आणि एस्केप दाबून विंडोजचा टास्क मॅनेजर उघडावा. मेमरी नव्वद टक्क्यांच्या वर आणि डिस्क शंभरावर चिकटलेली दिसली तर कारण हेच. क्रोमच्या सेटिंगमध्ये ‘परफॉर्मन्स’खाली ‘मेमरी सेव्हर’ आहे, तो सुरू करावा. एजमध्ये झोपणारे टॅब ही तशीच सोय आहे. न वापरलेले टॅब त्यामुळे बाजूला ठेवले जातात आणि परत गेल्यावर पुन्हा उघडतात. जे पान सतत जागे हवे, उदाहरणार्थ बुकिंगचे, त्याचे नाव तिथल्याच अपवादांच्या यादीत घालावे. तरीही भागत नसेल, तर नवा लॅपटॉप घेण्याआधी जुन्यात एसएसडी, म्हणजे फिरते भाग नसलेली वेगवान डिस्क, बसवून घ्यावी आणि जागा असेल तर रॅम वाढवावी. पैसे सर्वांत जास्त सार्थकी लागतात ते इथे.

आता कॅशेविषयी. ती साफ करणे हा पहिला उपाय नाही, असे मी कळकळीने सांगतो. पानांतील चित्रे आणि फाइली पुन्हा पुन्हा उतरवाव्या लागू नयेत म्हणूनच ब्राउझर त्या जपून ठेवतो, आणि त्या पुसल्या की पुढच्या वेळी सगळे नव्याने ओढावे लागते. आधीच मंद असलेल्या नेटवर पाने आणखी रेंगाळतात. एखादेच पान विस्कटलेले किंवा जुने दिसत असेल, तेव्हा हा उपाय योग्य. कंट्रोल, शिफ्ट आणि डिलीट दाबून येणाऱ्या पेटीत फक्त साठवलेली चित्रे आणि फाइली यांवर खूण ठेवावी. कुकीजवर (लॉग-इन लक्षात ठेवणाऱ्या नोंदींवर) खूण राहिली तर सगळीकडून लॉग-आउट व्हाल, आणि पासवर्डवरची खूण नजरचुकीने राहिली तर साठवलेले पासवर्डच जातील.

व्हिडिओ चालताना पडदा काळा होणे, सरकवताना चित्र फाटणे अशी लक्षणे असतील, तर ग्राफिक्सचा ड्रायव्हर (ग्राफिक्स चिप चालवणारे सॉफ्टवेअर) अद्ययावत करावा आणि मगच सेटिंगमधील ‘सिस्टिम’खाली ग्राफिक्स अ‍ॅक्सिलरेशन, म्हणजे वर सांगितलेले हार्डवेअर अ‍ॅक्सिलरेशनच, बंद करून ब्राउझर पुन्हा सुरू करावा. फरक पडला नाही तर ते परत चालू करण्यास विसरू नये, कारण ते बंद असताना व्हिडिओचा सगळा भार प्रोसेसरवर येतो.

आपल्याकडे वादळवाऱ्यात वीज जाते, परत येते, पुन्हा जाते. बॅटरी संपलेल्या लॅपटॉपवर किंवा यूपीएस नसलेल्या डेस्कटॉपवर ब्राउझर डिस्कवर नोंदी लिहीत असतानाच वीज गेली, तर इतिहास आणि सेटिंग यांच्या फाइली बिघडू शकतात आणि मग ब्राउझर उघडतानाच अडतो. तो काढून पुन्हा टाकला तरी बिघडलेले प्रोफाइल (आपली सेटिंग, इतिहास, बुकमार्क यांचा संच) बहुधा जागच्या जागी राहते, त्यामुळे गुण येत नाही. उजव्या कोपऱ्यातील चित्रावर क्लिक करून नवे प्रोफाइल तयार करावे आणि त्यात दोन दिवस काम करावे. ते नीट चालले तर जुन्यातील बुकमार्क आणि पासवर्ड बाहेर काढून नव्यात आणावेत, आणि सगळे आल्याची खात्री झाल्यावरच जुने प्रोफाइल पुसावे.

विंडोज ७ वर अजून काम करणाऱ्यांनी एवढे जाणून असावे की क्रोमची १०९ ही २०२३ मधील आवृत्ती त्यावरची शेवटची होती. नवी संकेतस्थळे तिथे अडखळणारच, शिवाय बँकेचे व्यवहार त्यावर करणे धोक्याचे आहे.

सकाळी चांगला चालणारा ब्राउझर अर्ध्या-पाऊण तासाने मंदावत असेल आणि पंखा घोंघावत असेल, तर यंत्र तापते आहे. प्रोसेसर तापला की स्वतःला वाचवण्यासाठी वेग कमी करतो, आणि त्याचा पहिला फटका ब्राउझरला बसतो. किनाऱ्यावर हे लवकर घडते. जांभ्याची लाल धूळ पंख्यामागच्या जाळीत बसते, खाऱ्या दमट हवेने तिचा चिकट थर होतो, आणि वर्षभरात हवा जायला वाटच उरत नाही. मी उघडलेल्या कित्येक लॅपटॉपमध्ये ही धूळ जाड कापडासारखी अखंड सोलून निघाली आहे. स्क्रू तांबूस गंजलेले आणि रॅमच्या खाचेजवळ हिरवट डाग, हेही नेहमीचेच. पावसाळ्यानंतर एकदा आणि मेच्या आधी एकदा आतून सफाई करून घ्यावी. घरी करायची तर लॅपटॉप पूर्ण बंद करून, चार्जर काढून, जाळीतून ब्लोअरने हवा मारावी, आणि पंख्याची पाती काडीने अडवून धरावीत, म्हणजे ती अतिवेगाने फिरून बिघडणार नाहीत. लॅपटॉप गादीवर किंवा पायपुसण्यावर ठेवून वापरू नये. खालची जाळी मोकळी हवी.

इतके करूनही उलगडा झाला नाही आणि यंत्र दुरुस्तीला न्यावे लागले, तर ब्राउझर गोठलेला असतानाच दोन्ही टास्क मॅनेजरचे फोटो मोबाइलवर काढून ठेवावेत आणि किती वाजता, काय करत असताना गोठले ते कागदावर लिहून आणावे. दुकानात आणल्यावर लॅपटॉप अनेकदा शहाण्यासारखा वागतो, आणि मग तो फोटो एवढाच आमच्या हाती धागा असतो.