कामगार भरतीची तयारी: जाहिरातीच्या आधीपासून नेमणूकपत्रापर्यंत

भरतीत भेदभाव झाल्याची तक्रार आली की मालक आधी मुलाखत आठवायला लागतो: आपण काही वावगं बोललो का? गडबड बहुतेक वेळा त्याच्या आधीच झालेली असते. जाहिरातीतल्या एका ओळीत, अर्जाच्या एका रकान्यात, किंवा ‘कोणी ओळखीचं असेल तर पाठवा’ या तोंडी निरोपात. म्हणून ही यादी खुर्च्या मांडण्याच्या बरीच आधी सुरू होते.

सर्वांत आधी एका पानावर चार गोष्टी उतरवून घ्या: आपल्याकडे लागू असलेलं किमान वेतन, कामाच्या तासांची मर्यादा, कामाचं किमान वय आणि ज्या कारणांवरून भेदभावाला मनाई आहे ती कारणं. कारणांची यादी देशागणिक बदलते, पण पाया बहुतेक ठिकाणी सारखाच आहे. आंतरराष्ट्रीय श्रम संघटनेच्या १९५८ च्या १११ क्रमांकाच्या करारात वंश, वर्ण, लिंग, धर्म, राजकीय मत, राष्ट्रीय मूळ आणि सामाजिक मूळ अशी सात कारणं आहेत. जात ‘सामाजिक मूळ’ या शब्दांत येते. पुढे वेगवेगळ्या देशांनी वय, अपंगत्व, गरोदरपण, लैंगिक कल, लिंगओळख यांची भर घातली. ब्रिटनच्या २०१० च्या कायद्यात अशी नऊ कारणं आहेत. कायदा किती कामगारांपासून लागू होतो तेही बघा, पण त्यावर फार विसंबू नका. अमेरिकेत १९६४ चा नागरी हक्क कायदा १५ कामगारांपासून आणि वयाबद्दलचा १९६७ चा कायदा २० कामगारांपासून लागू होतो. हे वाचून छोटा मालक निर्धास्त होतो आणि तिथल्या कित्येक राज्यांचे कायदे त्याहून कमी कामगारांनाही लागू आहेत हे त्याला नोटीस आल्यावर कळतं. वयाबाबत श्रम संघटनेच्याच १९७३ च्या १३८ क्रमांकाच्या कराराची रेघ अशी (पुढे क्रमांकाने येणारे करारही याच संघटनेचे): सर्वसाधारण कामाला १५ वर्षं (विकसनशील देशांना सुरुवातीला १४ ची सवलत), धोक्याच्या कामाला १८.

आता कामाकडे वळा. पदाचं नाव बाजूला ठेवा आणि प्रत्यक्षात काय करावं लागतं ते लिहा. आज जो माणूस ते काम करतो त्याच्या शेजारी एक पूर्ण पाळी उभं राहून मोजा: किती किलोचं ओझं, जमिनीपासून किती उंच, किती पावलं न्यायचं, तासाला किती वेळा, ढकलगाडी आहे का, काय वाचावं लागतं, कोणाशी आणि कशाबद्दल बोलावं लागतं. गोदामातल्या मदतनीसाचंच घ्या. ‘५० किलो वजन उचलता आलं पाहिजे’ ही ओळ जुन्या जाहिरातीतून नव्या जाहिरातीत उतरत राहते. मोजायला गेलं की दिसतं, पोती २५ किलोची आहेत, कमरेइतक्या उंच फळीवरून ढकलगाडीवर सरकवायची आहेत आणि तासाला दहा-बाराच आहेत. मग ५० हा आकडा आला कुठून? कोणालाच सांगता येत नाही. त्या आकड्यापायी कितीतरी बायका आणि पन्नाशीतले अनुभवी हात अर्जच करत नाहीत, आणि आपल्याला वाटतं की ‘येतच नाहीत’.

याला अप्रत्यक्ष भेदभाव म्हणतात. नियम सगळ्यांना एकच, पण चाळणीत अडकतो ठरावीकच गट. हेतू वाईट नव्हता, हे उत्तर इथे पुरत नाही. १९७१ साली अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयापुढे एका वीज कंपनीचं प्रकरण होतं. तिथे बऱ्याचशा कामांना शालान्त प्रमाणपत्र आणि लेखी चाचणी लागत असे. दोन्हींमुळे कृष्णवर्णीय कामगार मोठ्या प्रमाणात बाहेर पडत होते आणि त्या कामांशी दोन्हींचा संबंध कंपनीला दाखवता आला नाही. न्यायालयाने अटी बेकायदा ठरवल्या. १९७७ साली त्याच न्यायालयासमोर तुरुंगरक्षकाच्या नोकरीसाठीची ५ फूट २ इंच उंची आणि १२० पौंड वजनाची अट आली. तिने सुमारे ४१ टक्के बायका वगळल्या जात होत्या, पुरुष १ टक्क्याहूनही कमी. ताकद हवी असेल तर थेट ताकदच तपासा, असं न्यायालयाचं म्हणणं पडलं. तेव्हा प्रत्येक अटीपुढे पेन्सिलीने लिहा: हे कोणत्या कामासाठी लागतं, पहिल्याच दिवशी लागतं की दोन आठवड्यांत शिकवता येईल? शिकवता येत असेल तर ती अट ‘आवश्यक’मधून काढून ‘असल्यास उत्तम’मध्ये टाका. आवश्यक अटी पाच-सहाच्या वर गेल्या तर पुन्हा एकदा बघा.

पगाराचा पट्टाही याच टप्प्यावर ठरवा, उमेदवार समोर येण्याआधी. आधीच्या पगारावर दहा-वीस टक्के वाढवून देण्याची सवय सोयीची वाटते, पण जिला आधीच्या ठिकाणी कमी मिळत होतं तिचं ते कमीपण आपण पुढे चालवतो. समान मोलाच्या कामाला समान वेतन हे १९५१ च्या १०० क्रमांकाच्या कराराचं सूत्र आहे. कामाचं नाव सारखं असण्याची गरज नाही, मोल सारखं असलं की झालं. युरोपीय संघाच्या २०२३ च्या निर्देशात तर आधीचा पगार विचारायलाच मनाई आहे आणि सुरुवातीचं वेतन किंवा त्याचा पट्टा उमेदवाराला आधी सांगायचा आहे. आपल्याकडे तसा नियम नसला तरी हे करून ठेवा, घासाघीसही वाचते.

जाहिरात लिहिताना ‘तरुण’, ‘तडफदार मुलगा’, ‘वय २० ते ३०’, ‘सुस्वरूप’ हे शब्द गाळा. भाषेची अट घालायची तर ‘मातृभाषा अमुक’ म्हणू नका, ‘फोनवर ग्राहकाची तक्रार ऐकून नोंदवता आली पाहिजे’ असं लिहा. पदांची नावं बघा: ‘सेल्समन’ऐवजी ‘विक्री प्रतिनिधी’. पाळ्यांच्या वेळा, रविवार, प्रवास, पगार हे सगळं उघड लिहा, म्हणजे ज्याला जमणार नाही तो आपणहून थांबेल आणि घरच्या परिस्थितीची चौकशी करायची वेळ तुमच्यावर येणार नाही. फक्त ओळखीतून भरती करू नका. आहेत ते कामगार आपल्यासारखीच माणसं आणतात. काही वर्षांत सगळी पाळी एकाच वळणाची होते आणि यात कोणी मुद्दाम काही केलेलं नसतं. ओळखीचे अर्ज जरूर घ्या, पण किमान दोन खुल्या ठिकाणी जाहिरात द्या आणि सगळे अर्ज एकाच ढिगात टाका. भरती एजन्सीमार्फत असेल तर ‘अमक्या लोकांना पाठवू नका’ असं तोंडीसुद्धा सांगू नका. एजन्सी उमेदवाराकडून पैसे घेत नाही ना, तेही लेखी विचारा. १९९७ च्या १८१ क्रमांकाच्या करारानुसार हा खर्च कामगारावर टाकता येत नाही.

अर्जाचा नमुना समोर घ्या आणि लाल पेन काढा. जन्मतारीख, वैवाहिक स्थिती, वडिलांचं किंवा पतीचं नाव, धर्म, जात, मुलांची संख्या, फोटो: निवडीसाठी यातलं काहीच लागत नाही. वय कायदेशीर आहे एवढंच हवं असेल तर ‘१८ वर्षं पूर्ण आहेत का’ हा हो-नाही प्रश्न पुरतो. राखीव जागा किंवा आकडेवारीसाठी गट विचारणं कायद्यानेच बंधनकारक असेल, तर ती माहिती वेगळ्या कागदावर घ्या आणि निवड करणाऱ्यांपर्यंत जाऊ देऊ नका. नको ते रकाने कुठवर जातात याचा दाखला भारतातच आहे. एका सरकारी विमा महामंडळाच्या घोषणापत्रात महिला उमेदवारांना शेवटच्या मासिक पाळीची तारीख आणि गर्भपातांची माहिती विचारली जायची. एका प्रशिक्षणार्थीला तिथली माहिती खोटी दिल्याच्या कारणावरून, प्रसूती रजेनंतर काढून टाकलं. सर्वोच्च न्यायालयाने १९९१ साली तिला कामावर परत घ्यायला लावलं आणि ते रकाने काढून टाकणं बरं, असं महामंडळाला सांगितलं.

अर्ज निवडताना दोघांनी वेगवेगळं बसून गुण द्यावेत आणि नंतर ताळा करावा. आवश्यक अटींवर ० ते ३, असल्यास उत्तमवर ० ते १, एवढी साधी मोजणी चालते. नाव झाकता आलं तर झाका. नावावरून धर्म, प्रांत, लिंग सगळं कळतं. नोकरीत पडलेल्या खंडाचे गुण कापू नका. सॉफ्टवेअरने चाळणी होत असेल तर ते कशावर गुण देतं हे विक्रेत्याला लेखी विचारा. जुन्या निवडींवर शिकवलेलं यंत्र जुना कलच गिरवतं आणि जबाबदारी मालकाचीच राहते.

मुलाखतीचे प्रश्न छापून ठेवा, सहा ते आठ पुरेत. प्रत्येकाला तेच, त्याच क्रमाने. खुलासा मागायला हरकत नाही. प्रत्येक प्रश्नाखाली ‘चांगलं उत्तर म्हणजे काय’ हे दोन ओळींत आधीच लिहा, नाहीतर जो बोलायला चटपटीत तोच पुढे जातो. निमंत्रणात सगळ्यांना एक ओळ घाला: ‘मुलाखतीसाठी काही सोय हवी असल्यास दोन दिवस आधी कळवा.’ तळमजल्यावरची खोली, मोठ्या अक्षरांतला कागद, सांकेतिक भाषेचा दुभाषी असं काहीही लागू शकतं. वाजवी सोय नाकारणं हाही भेदभावच, असं अपंग व्यक्तींच्या हक्कांबाबतचा २००६ चा संयुक्त राष्ट्रांचा करार सांगतो.

सर्वांत जास्त घसरण होते ती गप्पांत. पाणी देताना, जिना उतरताना ‘घरी कोण कोण असतं?’, ‘मूळचे कुठले?’, ‘लग्नाचं काय ठरलंय?’ हे आपुलकीनेच विचारलं जातं, पण उमेदवाराला नाकारल्यावर तेच लक्षात राहतं. गप्पा रस्त्याबद्दल, गर्दीबद्दल मारा. हवं ते कामाच्या भाषेत विचारता येतं. ‘मुलं लहान आहेत का?’ याऐवजी ‘पाळी सकाळी सहाला सुरू होते आणि महिन्यातून दोन रविवार येतात, जमेल का?’ आणि हा प्रश्न पुरुषांनाही. ‘काही आजार आहे का?’ याऐवजी ‘या कामात तासाला दहा-बारा वेळा २५ किलोचं पोतं हलवावं लागतं, ते तुम्ही कसं कराल?’ उमेदवाराने स्वतःहून गरोदरपण किंवा धर्म सांगितला तर ‘ठीक आहे’ म्हणून पुढच्या प्रश्नाला जा आणि लिहून घेऊ नका. अर्जाच्या कडेला खरडलेलं ‘दोन लहान मुलं’ किंवा ‘जरा वय झालंय’ हे पुढे पुरावा म्हणून वाचलं जातं.

कामाची चाचणी घ्यायची तर २०-३० मिनिटांची, सगळ्यांना तीच हत्यारं आणि तोच माल. ‘एक दिवस करून बघ’ म्हणत फुकट राबवून घेऊ नका; विकायचा माल तयार झाला की ते काम ठरतं आणि कामाचा पगार द्यावा लागतो.

निवड झाल्यावर आणि कळवण्याआधी एक हिशेब मांडा. समजा ४० पुरुषांनी अर्ज केले, २० निवडले: ५० टक्के. ३० बायकांनी केले, ९ निवडल्या: ३० टक्के. ३० भागिले ५० म्हणजे बायकांचा निवडीचा दर पुरुषांच्या दराच्या ६० टक्के. अमेरिकेच्या १९७८ च्या मार्गदर्शक नियमांत चार-पंचमांश, म्हणजे ८० टक्क्यांची रेघ आहे. तिच्याखाली गेलं की कुठेतरी पाणी मुरतंय असं समजतात. तो निकाल नव्हे, इशारा आहे. याच उदाहरणात आणखी तिघी घेतल्या असत्या तर आकडा नेमका ८० झाला असता, म्हणजे छोट्या भरतीत दोन-चार माणसांनी चित्र पालटतं. आकडा खाली आला म्हणून घाईने नावं फिरवू नका. चाळणी, चाचणी, मुलाखत यांचे आकडे वेगवेगळे काढा आणि गळती कुठे झाली ते शोधा. दोष असतो तो बहुधा एखाद्याच अटीत.

वैद्यकीय तपासणी नेमणुकीचा प्रस्ताव दिल्यानंतरच, आणि त्या पदावरच्या सगळ्यांची. ब्रिटन आणि अमेरिका दोन्हीकडे त्याआधी आरोग्याची चौकशी करण्यावर कडक बंधनं आहेत. भारतात २०१७ च्या कायद्याने नोकरीसाठी एचआयव्ही चाचणीची अट घालता येत नाही. गरोदरपणाच्या चाचणीला २००० च्या १८३ क्रमांकाच्या करारात, थोडे अपवाद सोडून, मनाई आहे. कामाच्या परवान्याची कागदपत्रं सगळ्यांकडून मागा, फक्त ‘बाहेरचा दिसतो’ त्याच्याकडून नको. प्रती काढा, मूळ कागद त्याच बैठकीत परत करा. ओळखपत्र अडकवून ठेवणं हे श्रम संघटनेने सांगितलेल्या सक्तीच्या मजुरीच्या अकरा लक्षणांपैकी एक आहे.

नेमणूकपत्र कामाच्या पहिल्या दिवसाआधी हातात पडावं. दोन्ही पक्षांची नावं, कामाचं ठिकाण, पद, सुरू होण्याची तारीख, पगार आणि तो देण्याचा दिवस, तास, जादा कामाचा दर, रजा, परिवीक्षा (कायम होण्याआधीचा प्रोबेशनचा काळ), नोटिशीची मुदत. ते कामगाराला कळेल अशा भाषेत द्या. ‘कंत्राटी’ असा शिक्का मारून कामगार कंत्राटदार होत नाही. वेळ कोण ठरवतं, हत्यारं कोणाची, नफा-तोटा कोणाच्या माथी, यावरून ते ठरतं.

नाकारलेल्यांना आठवड्याभरात दोन ओळी पाठवा. कोणी कारण विचारलं तर गुणपत्रकात आहे तेच सांगा. फोनवर ‘जागा भरली’ आणि पत्रात ‘अनुभव कमी’ अशी दोन कारणं दिली की खरं तिसरंच असणार, असा निष्कर्ष काढायला वाव मिळतो. जाहिरात, अर्ज, दोघांची गुणपत्रकं, प्रश्नांची यादी आणि पत्रव्यवहार एका पाकिटात ठेवा, वर पद आणि तारीख घाला. अमेरिकेत खासगी मालकाला हे किमान एक वर्ष जपावं लागतं. आपल्याकडे तक्रारीची मुदत किती आहे ते बघून त्याहून थोडं जास्त ठेवा आणि मग नष्ट करा, कारण ही लोकांची खासगी माहिती आहे. तक्रार दाखल झाली असेल तर निकाल लागेपर्यंत त्यातला एकही कागद हलवायचा नाही, मुलाखतीत खरडलेली चिठ्ठीसुद्धा.