प्रेशर टँक गेला म्हणायच्या आधी या चुका टाळा

नळ सोडला की मोटर चालू, बंद केला की बंद, हात धुवायचे म्हटलं तरी तीनदा खटखट. असं व्हायला लागलं की लोकांचा निकाल तयारच असतो, मोटरजवळची प्रेशर टाकी गेली, नवीन आणा. अरे पण आधी बघा तरी! आत रबराचा फुगा म्हणजे ब्लॅडर, त्याच्या एका बाजूला पाणी, दुसऱ्या बाजूला हवा, एवढाच तर कारभार आहे आणि बरेचदा फक्त हवा कमी झालेली असते.

माझं डोकं सगळ्यात जास्त फिरतं ते टाकीत पाणी असताना हवा मोजणाऱ्यांवर. माझ्या मावसभावाने कुठेतरी वाचलं की ३०/५० च्या प्रेशर स्विचला, म्हणजे ३० ला मोटर चालू आणि ५० ला बंद करणाऱ्याला, टाकीत हवा २८ पीएसआय (दाबाचं माप) पाहिजे, म्हणजे मोटर ज्या प्रेशरला चालू होते त्यापेक्षा २ कमी. हे बरोबरच आहे. पण पठ्ठ्याने भरलेल्या टाकीला टायरचं गेज लावलं, आलं ४५. बापरे एवढी हवा, म्हणून सोडून २८ वर आणली. पुढच्या रविवारी बघतो तर परत ४५, परत सोडली. तिसऱ्या रविवारीही तेच. मग मला फोन, "दादा, टाकी आपोआप हवा तयार करतेय." तोपर्यंत मोटर चालू-बंद, चालू-बंद करायला लागलेली आणि साहेबांनी नवीन टाकी आणून खोक्यासकट दारात ठेवलेली.

मी गेलो, मोटरचा मेन बंद केला, खालचा नळ उघडून टाकी पूर्ण रिकामी केली आणि मग गेज लावलं. काटा जेमतेम १ वर. त्याला दिसत होते ते ४५ पाण्याच्या प्रेशरचे होते, पाणी दाबतंय म्हटल्यावर हवा पण तेवढंच दाखवणार ना, आणि हा दर आठवड्याला चांगली हवा बाहेर सोडत होता. १०० लिटरच्या टाकीत हवा बरोबर असेल तर मोटर परत चालू व्हायच्या आधी साधारण ३० लिटर पाणी मिळतं, याला ११ च्या आसपास मिळत होतं. सायकलच्या पंपाने दम लागेपर्यंत हवा भरली, २८ केली, मेन चालू केला. टाकी भरून मोटर थांबल्यावर आख्खी बादली भरली तरी मोटर गप्प. नवीन टाकी परत गेली.

हवा भरली की लगेच "झालं" म्हणू नका, मी आठवड्याने परत टाकी रिकामी करून मोजतो. कमी झाली असेल तर आधी हवेच्या व्हॉल्व्हला साबणाचं पाणी लावा, बुडबुडे आले तर आतली पिन बदला. तिथे काही नसेल तर फुगा संशयित.

आणि हवेच्या व्हॉल्व्हची पिन दाबल्यावर पाणी आलं तर विषय संपला, फुगा फाटला. रिकामी करूनही टाकी हलवताना जड लागते आणि आत डुचमळतं, तरी तेच. काही टाक्यांचा फुगा बोल्ट खोलून बदलता येतो, नसेल तर नवीन घ्या, इथे कंजूसपणा नको. फाटक्या फुग्यावर रोज हवा मारत बसणारे लोक शेवटी मोटर जाळून घेतात.

नळ सगळे बंद असताना मोटर मधेच चालू होते? मग टाकीला शिव्या देऊ नका, एनआरव्ही (पाणी उलटं जाऊ न देणारा व्हॉल्व्ह) किंवा कुठलं तरी लीकेज बघा.

स्विचला जाणारी बारीक नळी गाळाने तुंबली तरी हीच खटखट होते. मेन बंद केल्याशिवाय तिथे हात घालायचा नाही.

हवा जास्त भरणारे पण असतात, "असू दे थोडी वर." मग अंघोळ करताना पाणी क्षणभर गायब होतं आणि मग मोटर चालू होते. २ कमी म्हणजे २ कमी.

टाकीवर टकटक करून निदान करणाऱ्यांनो, त्याने पाणी कुठपर्यंत आहे एवढंच कळतं, फुग्याचं काही कळत नाही.

मी टाकीवरच मार्करने लिहून ठेवतो, तारीख आणि हवा किती भरली ते.