इंटरकूलरशिवाय टर्बो, तोही इथेनॉलवर
टर्बोतून, म्हणजे इंजिनात हवा दाबून भरणाऱ्या यंत्रातून, हवा तापून निघते. ही हवा गार करणारा इंटरकूलर नसेल तर ती थंड करायचं काम इंधनावर येतं. इथेनॉलला ते जमतं. वाफ होताना ते किलोमागे पेट्रोलच्या दुपटीहून जास्त उष्णता ओढून घेतं, शिवाय लागतंही जास्त: वजनाने हवा-इंधन प्रमाण पेट्रोलला 14.7:1, इथेनॉलला 9:1. म्हणून इंधन फवारणारे इंजेक्टर आणि इंधनाचा पंप दीडपट क्षमतेचे आहेत का, ते आधी बघा. बूस्ट, म्हणजे टर्बोचा हवेचा दाब, वाढवणं नंतर. थोडं इंधन इंजिनाच्या व्हॉल्व्हपासून लांब, थ्रॉटलजवळ (आत येणारी हवा कमी-जास्त करणाऱ्या झडपेजवळ) सोडलं तर वाफ व्हायला वेळ मिळतो. दमट हवेत मॅनिफोल्डला (तिथून इंजिनात हवा नेणाऱ्या पाइपाला) बाहेरून घाम फुटलेला दिसला, की समजा गारवा मिळतोय. पण पाइपात जितकं जास्त मिश्रण, तितका बॅकफायर (मिश्रण पाइपातच पेटणं) जोरदार, हे कृपा करून विसरू नका. हवेचा तापमान सेन्सर इंधनाच्या आधी असेल तर तो गरम हवेचाच आकडा दाखवेल.