मेंढ्या विण्याआधीचे दीड महिने, खुराकाची तयारी

मेंढी साधारण 147 दिवसांनी विते, त्यामुळे कळपात मेंढा कधी सोडला ती तारीख आधी कुठेतरी लिहून ठेवा, पुढचं सगळं तिच्यावरूनच मोजायचंय. पोटातल्या कोकराची 70 टक्के वाढ शेवटच्या सहा आठवड्यात होते आणि नेमकं तेव्हाच गर्भाने जागा व्यापल्यामुळे मेंढीच्या पोटात चारा कमी मावतो. नुसत्या वाळक्या कडब्यावर ठेवली तर पोट भरतं पण अंगी लागत नाही.

सहा आठवडे उरले की प्रत्येक मेंढीच्या पाठीवर हात फिरवा. लोकरीवर अजिबात जाऊ नका, वरून गुबगुबीत आणि आतून नुसती हाडं अशा बऱ्याच निघतात. शेवटच्या बरगडीमागे कण्यावर बोटं दाबायची, टोकं टोचली तर मेंढी खराब (म्हणजे हाडकुळी), दाबल्यावर जेमतेम लागली तर बरोबर, लागतच नसली तर चरबी जास्त. पाचपैकी तीनच्या आसपास स्कोर हवा (एक म्हणजे हाडकुळी, पाच म्हणजे लठ्ठ). खराब असलेल्या आणि जुळी असलेल्या (स्कॅन केलं असेल तर कळतंच) वेगळ्या बांधा, पण जाड मेंढीला आता उपाशी ठेवून बारीक करायला जाऊ नका, ते महागात पडतं.

मग भरडा, म्हणजे जाडसर दळलेलं धान्य. रोज पाव किलोपासून सुरू करून हळूहळू अर्धा किलोपर्यंत न्या, दोन वेळांना वाटून द्या, एकदम घातला तर पोटात आम्ल होऊन मेंढी बसते. सोबत लसूणघास किंवा चांगला हिरवा चारा, आणि बुरशी आलेलं काहीही नको, त्याने गाभ पडू शकतो. गव्हाणीत प्रत्येक मेंढीला दीड फूट तरी जागा ठेवा नाहीतर दांडग्या खातात आणि गरीब बघत बसतात. पाणी स्वच्छ, कायम समोर.

खनिज मिश्रण मेंढीचंच घ्या, गायीचं नको!! त्यात तांबं जास्त असतं आणि मेंढीच्या लिव्हरमध्ये ते साठून विष होतं.

आंत्रविषाराची (आतड्यातल्या जंतूंच्या विषाने होणाऱ्या रोगाची) लस विण्याच्या तीन-चार आठवडे आधी. ही आईसाठी कमी आणि कोकरासाठी जास्त, कारण संरक्षण पोटातून जात नाही, चिकातूनच जातं. आधी कधीच दिली नसेल तर दोन डोस लागतात, त्यामुळे लवकर सुरुवात करा.

रोज खुराक टाकताना कोण मागे राहतं ते बघा. एकटी उभी, मान खाली, दात खाते, दिसत नसल्यासारखी धडकते, अशी मेंढी दिसली की डॉक्टरला त्याच दिवशी बोलवा, उद्या बघू नको. बहुतेक वेळा पोटात जुळी असतात आणि ताकद कमी पडलेली असते.

शेवटी चिकाची सोय. एखादीला जास्त आला तर बाटलीत काढून फ्रीज करून ठेवा. पहिल्या दोन तासात कोकराला वजनाच्या किलोमागे 50 मिली, म्हणजे चार किलोच्याला 200 मिली लागतो. वापरताना कोमट पाण्यातच वितळवा, उकळला की फाटतो आणि वाया जातो. आणि व्याल्यावर खुराक तोडू नका, दूध तिसऱ्या-चौथ्या आठवड्यात सगळ्यात जास्त असतं.