मोहरीएवढ्या कॅप्सूलचा एक्स-रे : आदल्या दिवशीची तयारी

फ्यूजनच्या इंधनाची कॅप्सूल साधारण २ मिलिमीटरची, मोहरीच्या दाण्याएवढी. अमेरिकेच्या लॉरेन्स लिव्हरमोर प्रयोगशाळेत ५ डिसेंबर २०२२ रोजी २.०५ मेगाजूल लेसर ऊर्जा देऊन ३.१५ मेगाजूल मिळाले, ती कॅप्सूल हिऱ्याची होती. आपली पॉलिस्टायरीनची आणि रिकामी. मोजायचं मात्र तेच: व्यास, गोलाई, भिंतीची जाडी.

टीएलडी बॅज (अंगावर किती किरणोत्सर्ग पडला ते मोजणारा) छातीवर लावायचा, ड्रॉवरमध्ये नाही. इंटरलॉक, म्हणजे दार उघडताच एक्स-रे बंद करणारी यंत्रणा, तपासायचा. एसी रात्रभर चालू ठेवायचा. मुंबईच्या दमटपणापेक्षा तापमानाचा चढउतार जास्त छळतो. कॅप्सूल फुगेल ही भीती नको, एका अंशाला ती जेमतेम ०.१४ मायक्रॉन वाढते. सरकतात ते नमुना धरणारं स्टेज आणि एक्स-रे ट्यूब. ट्यूब पूर्ण तापून फोकल स्पॉट (एक्स-रे निघतात तो ठिपका) स्थिरावल्याशिवाय एकही इमेज मोजणीत धरायची नाही.

निम्मा वेळ रुबी बॉलसाठी राखून ठेवा. व्यास प्रमाणित असलेला, कॅप्सूलच्याच मापाचा बॉल त्याच होल्डरवर, त्याच जागी बसवायचा. सोर्सपासून नमुना २० मिलिमीटरवर असेल आणि कॅप्सूल बसवताना १ मिलिमीटर पुढे सरकली, तर मॅग्निफिकेशन ५ टक्क्यांनी बदलतं आणि व्यासात १०० मायक्रॉनची चूक येते. सॉफ्टवेअर तोंडातून ब्रसुद्धा काढत नाही. म्हणून कॅप्सूलच्या आधी बॉल, नंतर पुन्हा बॉल. दोन आकडे जुळले नाहीत तर मधलं सगळं रद्द.

कॅप्सूल व्हॅक्यूम ट्वीझरनेच उचलायची. त्याआधी स्थिर विद्युतभार घालवणारा आयोनायझर फिरवायचा, नाहीतर स्टॅटिकमुळे ती उडते आणि मग सगळे फरशीवर रांगतात. ट्यूबचं व्होल्टेज जमेल तितकं कमी ठेवा. इतकं पातळ प्लास्टिक एक्स-रे जवळजवळ शोषतच नाही. दिसते ती कडा, तीही अपवर्तनामुळे, एक उजळ आणि एक गडद रेघ अशी. त्या दोन रेघांत खरी कड नेमकी कुठे धरायची, हे सिम्युलेशन करून आधीच ठरवून वहीत लिहा. इमेज समोर आल्यावर ठरवलं की मन हवा तो आकडा देणारी जागा निवडतं.

डार्क (एक्स-रे बंद ठेवून) आणि फ्लॅट (एक्स-रे चालू, पण नमुना नसताना) इमेज घ्यायच्याच, त्यावर चर्चा नको. लांब एक्सपोजर हार्बरची शेवटची लोकल गेल्यावर, हादरे थांबले की लावा.

एवढ्यानेही भिंत धूसरच आली, तर इंदूरला इंडस-२ या सिंक्रोट्रॉनच्या (प्रखर एक्स-रे देणाऱ्या मोठ्या यंत्राच्या) इमेजिंग बीमलाइनसाठी अर्ज करायचा. अवंतिका एक्स्प्रेसने जाताना कॅप्सूलचा डबा सीटखाली नाही, मांडीवर.