घट्ट कुरळे केस: धुण्यापासून ट्विस्टआऊटपर्यंत

तुमचे केस टाईप ४ चे असतील, म्हणजे बारीक स्प्रिंगसारख्या घट्ट वेटोळ्यांचे किंवा झेडसारखे मोडत जाणारे, तर आधी एक गोष्ट पक्की करा की या केसांना तेलाच्या आधी पाणी लागतं. टाळूचं नैसर्गिक तेल सरळ केसांवरून सहज खाली उतरतं, इथे वेटोळ्यांमुळे ते वरच अडतं, म्हणून टाळू तेलकट आणि टोकं वाळलेली असा प्रकार होतो. मग लोक कोरड्या केसांवर अजून तेल चोपडतात, पण तेल ओलावा देत नाही, आहे तो फक्त धरून ठेवतं. आणि "माझे केस वाढतच नाहीत" असं वाटतं ना, तेव्हा बहुतेक वेळा ते वाढत असतात पण तेवढेच टोकाला तुटत असतात, शिवाय सुकले की आखडतात त्यामुळे लांबी निम्म्याहून कमी दिसते.

बहुतेकांना आठवड्यातून एकदा धुणं पुरतं. त्या दिवशी घाई नको. केसांचे चार भाग करा, फार दाट असतील तर आठ, आणि क्लिपा लावून टाका. एकच भाग मोकळा घ्या, स्प्रे बाटलीने पाणी मारा आणि चांगला बुळबुळीत कंडिशनर सढळ हाताने लावा. आता गुंता. कंगवा नंतर, आधी बोटं. टोकापासून सुरू करायचं, तिथलं सुटलं की जरा वर, मग अजून वर, मुळाशी सगळ्यात शेवटी. वरून खाली ओढलंत तर सगळ्या गाठी टोकाशी जमून घट्ट गोळा होतो आणि मग कात्रीच लागते. गाठ अडली तर तिच्या वरची बट दुसऱ्या हाताने धरा म्हणजे मुळावर ताण येत नाही, थोडा कंडिशनर घाला आणि हळूहळू फाकवत सोडवा. मग मोठ्या दातांचा कंगवा फिरवा. कोरड्या केसांत कंगवा घालायचा नाही म्हणजे नाही.

शेवटी हातात भलीमोठी गुंतवळ येईल, घाबरू नका. दिवसाला ५० ते १०० केस सगळ्यांचेच गळतात, फक्त हे वेटोळ्यांत अडकून बसतात आणि आठवड्याचे एकदम निघतात. एखादा केस उजेडात धरून बघा, एका टोकाला पांढरा बारीक ठिपका असेल तर मुळापासून गळलाय. ठिपका नाही आणि आखूड तुकडेच येतायत तर केस तुटतायत, हात हलका ठेवा.

शॅम्पू फक्त टाळूला, बोटांच्या पेरांनी. केसांना खाली वाहणारा फेस पुरे. नंतर टॉवेलने खसाखसा पुसू नका, जुन्या सुती टीशर्टने टिपून घ्या.

केस ओलसर असतानाच लीव्ह-इन, म्हणजे न धुता केसांतच ठेवायचा कंडिशनर, लावा, त्यावर थोडं तेल किंवा क्रीम. बारीक केस असतील तर जड क्रीमने चिकट होतात, तेव्हा कमीच घ्या. मग दोन पेडी ट्विस्ट घाला: एका बटेचे दोन पेड करून एकमेकांभोवती शेवटपर्यंत पिळत जायचं आणि टोक बोटाभोवती गुंडाळून सोडायचं. जितके बारीक ट्विस्ट तितके ते जास्त दिवस टिकतात, पण हात दुखतात हेही खरं. ट्विस्टआऊट, म्हणजे हे ट्विस्ट सोडून मोकळे केलेले केस, हवा असेल तर ते पूर्ण सुकल्याशिवाय सोडू नका, आत जराही ओल असेल तर पाच मिनिटांत सगळं फुलून आकार जातो. सोडताना बोटांना तेलाचा हात लावा.

रात्री सॅटिनची टोपी किंवा सॅटिनचा अभ्रा, कारण सुती कापडाचं घर्षण होतं आणि ते ओलावाही शोषून घेतं. मधल्या दिवसांत सकाळी नुसता पाण्याचा फवारा मारलात तरी चालतं.

स्ट्रेटनर वापरायचाच असेल तर अगदी क्वचित, आधी हीट प्रोटेक्टंट लावून. उष्णतेने एकदा वेटोळं मोडलं की त्या केसात परत येत नाही, नवीन वाढेपर्यंत थांबावं लागतं. वेण्यांचंही तसंच, बारीक घट्ट वेण्या घालताना कपाळाजवळ दुखत असेल किंवा मुळाशी पुळ्या आल्या तर "सैल होईल हळूहळू" असं म्हणून सहन करत बसू नका, लगेच सोडा. सततच्या ताणाने कपाळाकडचे केस विरळ होतात, ट्रॅक्शन अ‍ॅलोपेशिया म्हणतात त्याला, सुरुवातीला ताण थांबवला तर ते परत येऊ शकतात पण वर्षानुवर्षं ओढले गेले तर तिथे कायमचं टक्कल राहतं. जागा विरळ दिसायला लागली असेल तर नवीन तेलं शोधण्याआधी त्वचारोगतज्ज्ञांना दाखवा.