मोटेलचा निवारा होताना

कॅलिफोर्नियात मी बेघर लोकांच्या निवाऱ्यात काम करते, असं बडोद्याच्या दांडिया बाजारातल्या घरी पहिल्यांदा फोनवर सांगितलं तेव्हा आजी म्हणाली, "अगं, तिथेपण असतात?" असतात. जानेवारी २०२२ मधल्या एका रात्रीच्या मोजणीत एकट्या त्या राज्यात १ लाख ७१ हजारांवर बेघर माणसं मोजली गेली. त्यातली बहुतेक उघड्यावर, गाडीत किंवा तंबूत झोपत होती.

आता मी बडोद्याला परत आले आहे. सोशल वर्क शिकणारी मुलंमुली भेटली की विचारतात, ताई, या कामात यायचं तर काय शिकून येऊ? कुठे अर्ज करू? अर्जाचं मी शेवटी सांगेन, ते सोपं आहे. आधी मला स्वतःला जे उशिरा कळलं ते सांगते.

माझं एमएसडब्ल्यू, म्हणजे सोशल वर्कचं मास्टर्स, इथलंच, सयाजीराव विद्यापीठाचं. फतेहगंजच्या त्या फॅकल्टीत फील्डवर्क चुकवता येत नाही आणि रिपोर्ट लिहिल्याशिवाय सुटका नाही. तेव्हा कंटाळा यायचा. पण माणसाशी बोलताना वही कधी बंद करायची हे मला त्या दिवसांनी शिकवलं, आणि पुढे कुठल्याही वर्गात ते कुणी शिकवलं नाही. नंतर पब्लिक पॉलिसीच्या मास्टर्ससाठी अमेरिकेला गेले, इंटर्नशिप एका छोट्या शहराच्या गृहनिर्माण विभागात मिळाली, आणि पदवीनंतर व्हिसावर मिळणारं कामाचं एक वर्षही तिथेच काढलं. त्या शहराने एक जुनं मोटेल, म्हणजे रस्त्याकडेचं छोटं हॉटेल, विकत घेऊन त्याचा निवारा केला होता.

मोटेलच का, हे समजून घ्या, कारण मुलाखतीत हे विचारतात. २०२० च्या एप्रिलमध्ये कोविडमुळे हॉटेलं ओस पडली होती आणि सामूहिक निवाऱ्यात एकाला लागण झाली की सगळ्यांना धोका होता. राज्याने 'प्रोजेक्ट रूमकी' काढलं: खोल्या भाड्याने घ्यायच्या आणि वयस्क, आजारी बेघर लोकांना तिथे ठेवायचं. केंद्राची आपत्ती निवारण संस्था त्याचा बराचसा खर्च भरून देत होती. पण भाड्याची खोली कधीतरी सोडावीच लागते. म्हणून त्याच उन्हाळ्यात 'होमकी' आलं, म्हणजे इमारतच विकत घ्यायची. पहिल्या फेरीत सुमारे ८४.६ कोटी डॉलर, ९४ प्रकल्प आणि सहा हजारांच्या आसपास घरं. त्यातला मोठा निधी ३० डिसेंबर २०२० च्या आत खर्च करायची अट होती. नवी इमारत बांधायला तिथे वर्षानुवर्षं लागतात. होमकीत काही महिन्यांत दारं उघडली. खोली, न्हाणीघर, दाराला कुलूप सगळं तयारच असतं.

एक गोष्ट बडोदेकरांना आवडेल. अमेरिकेतल्या मोटेलच्या धंद्यात गुजराती कुटुंबं किती आहेत हे आपल्याकडे सगळ्यांना माहीत आहे. आमचं मोटेल विकणारे काकाही गुजरातमधल्या चरोतर भागातलेच होते. काउंटरच्या मागच्या दोन खोल्यांत त्यांनी संसार केला होता, मुलं तिथेच मोठी झाली होती. ताबा देताना मी त्यांच्याशी गुजरातीत बोलले, तर किल्ल्यांचा जुडगा हातात देऊन ते तासभर प्रत्येक खोलीची खोड सांगत बसले. कुठल्या खोलीचा नळ उलटा फिरतो, कुठल्या भिंतीत ओल येते. आमच्या इंजिनिअरच्या अहवालात यातलं निम्मंही नव्हतं. ते सगळं मी लिहून घेतलं आणि वर्षभर वापरलं. तेव्हा इमारत ताब्यात घेताना जुन्या मालकाबरोबर आणि सफाई करणाऱ्या बाईंबरोबर एक पूर्ण दिवस घालवा.

आता मुख्य गोष्ट. तिथे शहर आणि काउंटी ही दोन वेगळी सरकारं आहेत. काउंटी म्हणजे साधारण आपला जिल्हा, पण तिचं निवडून आलेलं मंडळ असतं आणि स्वतःचा अर्थसंकल्प असतो. जमिनीचा वापर, बांधकामाचे परवाने, अग्निशमन हे शहराकडे. सार्वजनिक आरोग्य, मानसिक आरोग्य, व्यसनमुक्ती, मदतीचे भत्ते हे काउंटीकडे. म्हणजे इमारत एकाची आणि आत राहणाऱ्या माणसाला लागणारी जवळपास प्रत्येक सेवा दुसऱ्याची. दोघांनी हात मिळवले नाहीत तर निवारा म्हणजे नुसती रंग दिलेली इमारत. त्यात मोटेल बंद झालं की शहराचा हॉटेल-करही बुडतो, म्हणून शहराच्या वित्त अधिकाऱ्याचा चेहरा पहिल्या बैठकीपासून पडलेला असतो.

आमचं शहर आणि काउंटी यांच्यात करार झाला होता. चाळीसेक पानांचा, वकिलांनी तपासलेला. त्यात लिहिलं होतं की काउंटी 'आरोग्यसेवा उपलब्ध करून देईल'. दारं उघडली, माणसं आली, आणि दुसऱ्या महिन्यात मधुमेहाच्या जखमेचं ड्रेसिंग कोण करणार यावर गाडी अडली. काउंटीचं म्हणणं, आमचं क्लिनिक उपलब्ध आहे, त्यांना आणा. क्लिनिक अकरा मैलांवर. बस दोनदा बदलायची. कुबड्या घेतलेला माणूस तिथे रोज कसा जाणार? शहराचं म्हणणं, नर्स आणणं आमच्या अधिकारातच नाही. दोघांचंही कागदावर बरोबर होतं. तीन आठवडे ईमेल फिरत राहिले आणि त्या गृहस्थांना अखेर रुग्णालयात भरती करावं लागलं. त्यांचं पाऊल वाचलं. पण ते तीन आठवडे मला अजून आठवतात, कारण तो करार मी इंटर्न म्हणून तीनदा वाचला होता आणि 'उपलब्ध' या शब्दावर माझी नजर एकदाही थांबली नव्हती.

तेव्हापासून मी करार वेगळ्या तऱ्हेने वाचते. प्रत्येक क्रियापदापाशी थांबायचं आणि विचारायचं: कोण, कुठे, आठवड्यातून किती वेळा, आणि तो माणूस रजेवर असेल तर कोण? उत्तरात विभागाचं नाव आलं तर ते उत्तर नव्हे. उत्तरात पदनाम आणि फोन हवा. दुसरा प्रश्न पैशाचा. खरेदीला पैसे मिळतात, फीत कापायला सगळे येतात. पहारेकरी, वीज, कपडे धुणं, ढेकणांची फवारणी, रात्रपाळीचा पगार हे पैसे कुणाचे आणि कितव्या वर्षापर्यंत? होमकीत चालू खर्चाला राज्याचा हात सुरुवातीच्या काही वर्षांपुरताच होता. पुढचं शहर आणि काउंटीने आपसात ठरवायचं होतं. नोकरीच्या मुलाखतीत 'तुम्हाला काही विचारायचंय का' असं म्हणाले की हाच प्रश्न विचारा. समोरचे उत्तर द्यायला किती वेळ घेतात यावरून ती संस्था कळते.

इमारतीच्या अडचणी येतातच. मोटेलची वायरिंग पाहुण्याच्या एका रात्रीच्या हिशेबाची असते; साठ खोल्यांत साठ मायक्रोवेव्ह लागले की फ्यूज उडतात. व्हीलचेअर आत जाईल अशी न्हाणीघरं मोजकीच. हे इंजिनिअर सोडवतात, तुम्ही फक्त वेळेवर सांगा.

माणसांचं मात्र तुम्हालाच बघायचं आहे. लोक निवाऱ्यात येत नाहीत, याची कारणं बऱ्याचदा साधी असतात: जोडीदाराला वेगळं ठेवतात, कुत्रा आत घेत नाहीत, सामान टाकून द्यायला सांगतात. स्वतंत्र खोली मिळाली की हे तिन्ही सुटतं, म्हणूनच मोटेल इतकं चाललं. आमच्याकडे एक वयस्क ट्रकचालक होते. सत्ताविसाव्या दिवशी त्यांनी सकाळी बॅग भरली आणि ती दारात ठेवून बसले. कुणी काही म्हटलं नव्हतं. तिथे सलग तीस दिवसांहून जास्त राहिलेल्याला भाडेकरूचे हक्क मिळू लागतात, म्हणून काही मोटेलवाले अठ्ठाविसाव्या दिवशी खोली रिकामी करायला लावत. कायद्याने मनाई आहे, तरी हे चालायचं, आणि या गृहस्थांनी अशी कित्येक वर्षं काढली होती. मी त्यांना नियमावली दाखवली. त्यांनी वाचली, मान हलवली, बॅग तशीच राहू दिली. ती बॅग कपाटात जायला आणखी महिना लागला. मी त्याबद्दल एकदाही बोलले नाही, आणि माझ्या त्या वर्षातलं हे सगळ्यात बरं काम होतं असं मला वाटतं.

इथे आल्यावर वाटलं होतं की आपली परिस्थिती अगदीच वेगळी असेल. इथे स्वतंत्र खोली नाही, खाटांची रांग असते. राष्ट्रीय शहरी उपजीविका अभियानाच्या नियमात दर लाख लोकसंख्येमागे किमान १०० माणसांची सोय, माणशी ५० चौरस फूट जागा आणि चोवीस तास उघडं दार असं लिहिलं होतं. सर्वोच्च न्यायालयाने २०१० मध्ये राज्यांना यासाठी हलवलं होतं. पण सांधा तोच आहे. रैनबसेरा, म्हणजे रात्रीचा निवारा, महापालिकेचा, रुग्णालय राज्य सरकारचं, रेल्वेचा फलाट केंद्राचा, आणि माणूस एकच, जो रात्री या तिघांच्या मधल्या फुटपाथवर असतो. इथे काउंटी नाही एवढाच फरक.

अर्जाबद्दल थोडक्यात. परदेशी जायचं असेल तर तिथलं सोशल वर्कचं लायसन्स प्रत्येक राज्याचं वेगळं असतं हे आधी बघा. पदवीनंतर कामाचं वर्ष बहुतेकांना एकच मिळतं, त्यामुळे पहिल्या सेमिस्टरपासूनच शहराच्या किंवा काउंटीच्या कचेरीत इंटर्नशिप शोधा. मोठ्या नावाच्या संस्थेपेक्षा छोटं शहर बरं, तिथे बैठकीत बसू देतात. इथेच राहायचं असेल तर गुजराती आणि हिंदी दोन्ही फर्डी हवी, शिवाय स्टेशनजवळ ओडिया आणि भोजपुरी बोलणारे मजूर भेटतील. पगार सुरुवातीला कमी आहे, घरच्यांना ते आधीच सांगून ठेवा. आणि रुजू होण्याआधी सयाजीगंजच्या बाजूला रात्री अकरानंतर एक फेरी मारा, एकट्याने नको, कुणा जुन्या कार्यकर्त्याबरोबर.

सध्या मी आणि दोन विद्यार्थिनी मिळून एक तक्ता करतो आहोत. डावीकडे प्रसंग, उजवीकडे पदनाम आणि फोन. ताप आला तर, कागदपत्रं हरवली तर, बाई लेकरासह आली तर. बावीस ओळी भरल्या. तेविसावी आहे: रात्री दहानंतर रुग्णालयातून सुटी मिळाली आणि जायला घर नाही, तर त्याला निवाऱ्यापर्यंत कोण आणणार? तो रकाना अजून कोरा आहे. बुधवारी निवारा आणि रुग्णालय अशा दोन्हीकडच्या अधिकाऱ्यांची एकत्र वेळ मिळाली आहे, तक्ता छापून नेणार आहोत.